जूनमध्ये पहिलीत जायचंय : स्वमग्न मुलाची दोन महिन्यांत तयारी कशी करावी?

उंब्रजची_आई | ९ एप्रिल

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा मे महिन्यात सहा वर्षं पूर्ण करेल. तो साडेतीन वर्षांचा असताना अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं होतं. त्यातल्या डॉक्टरांनी साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलं आणि तिथे मी 'स्वमग्नता' (ऑटिझम) हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तेव्हापासून आठवड्यातून एकदा साताऱ्याला थेरपीला नेते.

तो बोलतो, पण ऐकलेलंच बोलतो. "तुला पाणी पाहिजे?" असं म्हणाला की त्याला तहान लागलीय असं समजायचं. घरी दिवसभर माझ्याशीच गाठ, त्यामुळे "मी येते हं", "मी जेवले" असं बोलतो. बालवाडीत बाकीची मुलं हसायची. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून पलंगाखाली जातो. शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी टोचते म्हणून रडतो, आता सगळ्या कपड्यांच्या चिठ्ठ्या कापून टाकल्यात.

आणि एसटी! आमचं घर स्टँडजवळ आहे. गाड्यांवरच्या पाट्या तो चार वर्षांचा असल्यापासून वाचतो, कुणी शिकवलेलं नाही. घाबरला की स्वतःशीच म्हणत राहतो, "कराड, उंब्रज, अतीत, नागठाणे, सातारा." परत पहिल्यापासून. तेवढं म्हणून झालं की थोडा शांत होतो.

इथल्या एका खाजगी शाळेने सांगितलं की त्याच्यासोबत बसायला तुमच्या खर्चाने माणूस ठेवा, नाहीतर प्रवेश नाही. महिना १२,००० रुपये सांगितले. आम्हाला ते झेपणारं नाही. झेडपीची शाळा घरापासून पाच मिनिटांवर आहे. तिथले गुरुजी प्रेमळ आहेत, पण स्पष्ट म्हणाले, "ताई, मला यातलं काही शिकवलेलं नाही." सासूबाईंचं म्हणणं, आणखी एक वर्ष घरीच ठेवू.

काय करू? आणि शाळेत घालायचं ठरलं तर या दोन महिन्यांत नक्की कशाची तयारी करून घेऊ? सगळे म्हणतात अक्षरं गिरवून घे. पण ती तर त्याला येतात.

---

पाटी_पेन्सिल | ९ एप्रिल

ताई, मी गेली १९ वर्षं झेडपी शाळेवर शिक्षक आहे. माझ्या वर्गात असं पहिलं मूल आलं तेव्हा मलाही काही येत नव्हतं. तुमचे गुरुजी खरं बोलले, म्हणजे माणूस बरा आहे. "काही काळजी करू नका" म्हणून नंतर मुलाला मागच्या कोपऱ्यात बसवणाऱ्यापेक्षा हा माणूस शंभर पटीने चांगला.

वर्षभर घरी ठेवू नका. घरी राहून शाळेची सवय होत नाही.

आता महत्त्वाचं. आमच्या शाळांत पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो. मुलांना बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर बसवतात, लेझीम, हलगी, फुगे, कपाळाला कुंकू, वर सरपंचांचं भाषण. आम्ही हे सगळं मनापासून करतो. पण कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली जाणाऱ्या मुलासाठी तो दिवस म्हणजे शाळेची कायमची भीती. माझ्या त्या विद्यार्थ्याचं तसंच झालं. हलगी वाजली, तो गेटबाहेर पळाला आणि पुढे तीन आठवडे गेट दिसलं की आडवा पडायचा. चूक माझी होती, तो सल अजून मनात आहे.

तर तुम्ही पहिल्या दिवशी नेऊच नका. उलट आत्ता एप्रिलमध्ये, शाळा सुटल्यावर रिकाम्या शाळेत न्या. वर्ग दाखवा, त्याचा बाक दाखवा, नळ, खिचडी शिजते ती खोली आणि संडास दाखवा. संडास नक्की. अंधार आणि वास यांमुळे कितीतरी मुलं दिवसभर लघवी दाबून धरतात आणि दुपारी रडतात. आपण समजतो अभ्यासाचा कंटाळा आला.

मे महिन्यात शाळा बंद असली तरी आवारात जाता येतं. आठवड्यातून दोनदा नेलंत तरी जूनपर्यंत त्याला शाळा पाठ होईल.

---

वाचा_आणि_वाणी | १० एप्रिल

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, पुण्यात काम करते.

"तुला पाणी पाहिजे?" हे तुमच्या मुलाचं मागणं आहे. तहान लागली की हे वाक्य येतं आणि मग पाणी येतं, एवढं त्याने अचूक टिपलंय. कृपया कुणी त्याला "पोपटासारखं बोलू नको" म्हणू नये. करायचं एवढंच की तुम्ही प्रश्न विचारणं कमी करा आणि त्याने जे म्हणायला हवं ते त्याच्या बाजूने बोला. त्याचा हात पाण्याकडे गेला की म्हणायचं, "मला पाणी पाहिजे." त्याच्याकडून वदवून घेऊ नका. फक्त ऐकवा आणि पाणी द्या.

"मी येते" चंही तसंच. मराठीत क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं, आणि हा तुमचं बोलणं जसंच्या तसं उचलतो. त्याच्या बाबांनी, आजोबांनी, शेजारच्या एखाद्या मोठ्या मुलाने रोज थोडा वेळ त्याच्याशी बोलावं. "मी आलो", "मी जेवलो" हे पुरुषाच्या तोंडून कानावर पडायला हवं. टोकून सुधारू नका, त्याने बोलणंच बंद होतं.

आणखी एक. कुणी "घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी बोला" असा सल्ला दिला तर ऐकू नका. स्वमग्न मुलांना दोन भाषांमुळे बोलायला आणखी उशीर होतो असं संशोधनात दिसलेलं नाही. उलट आजीची भाषा काढून घेतली तर घरातलं एक माणूसच कमी होतं.

चित्रांची मदत जरूर घ्या. बोलणारं मूलही घाबरलं की शब्द हरवतं. 'शू', 'आवाज नको', 'थांब', 'आई' अशी चार चित्रं दोऱ्यात ओवून खिशात द्या. फोनवर चालेल असं हवं असेल तर मुंबई आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' आहे, फुकट आहे आणि मराठीतही चालतं. पण शाळेत फोन नेण्यापेक्षा पुठ्ठाच बरा.

---

सदाशिव_पेठ_२४ | १० एप्रिल

मी स्वतः स्वमग्न आहे. वय २४. नोकरी करतो. लिहायला मला सोपं जातं, बोलायला कमी.

उंब्रजच्या ताई, तुमचा मुलगा थांब्यांची नावं म्हणतो ते थांबवू नका. मी पाढे म्हणायचो. आजूबाजूला सगळं एकदम चालू असतं, पंखा, बाक सरकणं, बाईंच्या बांगड्या, बाहेरची रिक्षा, आणि मेंदू त्यातलं काहीच मागे ढकलत नाही. अशा वेळी एक गोष्ट तरी दर वेळी त्याच क्रमाने येते, हा मोठा आधार असतो.

शाळेतल्या दोन आठवणी सांगतो.

एक बाई म्हणायच्या, "माझ्याकडे बघ, म्हणजे तुझं लक्ष आहे हे मला कळेल." मी बघायचो. सगळी ताकद बघण्यात जायची आणि ऐकू काहीच यायचं नाही. दुसऱ्या वर्षीच्या बाईंनी खिडकीकडे बघत बसू दिलं आणि त्या वर्षी मला सगळं आलं. गुरुजींना एवढं जरूर सांगा.

दुसरी घंटेची. आमच्याकडे लोखंडी रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारायचे. ती कधी वाजेल या धास्तीत माझा तासच्या तास जायचा. मग शिपाईकाकांनी एक दिवस हातोडी माझ्या हातात दिली. पुढे दोन वर्षं मधल्या सुट्टीची घंटा मीच वाजवली. आवाज तेवढाच होता, पण कधी येणार हे मला माहीत होतं.

---

नवी_पहाट_७७ | १० एप्रिल

ताई, एवढा त्रास कशाला? मुलगे उशिराच बोलतात. माझ्या पाहण्यात एकाने मुलाला स्टेम सेलचे उपचार करून घेतले, खूप फरक पडला म्हणे. गहू आणि दूधही पूर्ण बंद करा. लसींमुळे होतं हे, असंही वाचलंय.

---

नाशिकचा_बाप | ११ एप्रिल

पहाट, तुमचा हेतू चांगला असेल, पण हे इथे असंच राहू देणार नाही. नवीन आईवडील हे वाचतात आणि जमीन विकतात. मी विकण्याच्या बेतात होतो.

स्टेम सेल : राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय की स्वमग्नतेवर उपचार म्हणून याची शिफारस करता येत नाही. लस : ज्या लेखावरून हे सगळं सुरू झालं तो १९९८ चा, आणि 'लॅन्सेट'ने तो २०१० मध्ये मागे घेतला. त्यानंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले, संबंध सापडला नाही. गहू-दूध : ज्याला खरोखर त्यांचा त्रास होतो त्याने डॉक्टरांना विचारून बंद करावं. पण आधीच चार-पाच पदार्थच खाणाऱ्या मुलाची पोळी आणि दूध काढलंत तर त्याने खायचं काय?

आणि "मुलगे उशिराच बोलतात" या एका वाक्यात आमची दीड वर्षं गेली. माझा मुलगा आता १७ वर्षांचा आहे. ती दीड वर्षं मला परत हवी आहेत.

ताई, आता तुमच्यासाठी कागदपत्रांचं.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यात स्वमग्नता आहे. त्याच्या कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेला दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावाच लागतो आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयही करावी लागते. "माणूस तुमच्या खर्चाने आणा, नाहीतर प्रवेश नाही" ही अट या कायद्यात बसत नाही. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाचणी घ्यायलाच मनाई आहे. त्या शाळेकडून नकार लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याचदा भाषा बदलते.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलंय का? जिल्हा रुग्णालयात आयसा नावाची ४० मुद्द्यांची मोजपट्टी वापरून टक्केवारी ठरते. ४० टक्के किंवा जास्त आली की वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, त्यावरच निघतं. त्यानंतर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना घ्या, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि थेरपीचा खर्चही त्यात काही प्रमाणात मिळतो. मिस्टर आयकर भरत असतील तर जुन्या करपद्धतीत दिव्यांग मुलासाठी ७५,००० ची वजावट आहे, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००.

प्रमाणपत्र काढताना "पोरावर शिक्का बसेल" असं घरचे म्हणतील. माझी आई म्हणाली होती. आज आमचा मुलगा मुक्त विद्यालयातून दहावीचे विषय एकेक करून देतोय, पाच वर्षांत नऊ संधी असतात तिथे. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, तो त्याच कागदामुळे. पुढच्या वर्षी तो अठराचा होईल, मग कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करायचाय. त्या विचाराने रात्री झोप लागत नाही, पण तो विषय वेगळ्या धाग्याचा.

---

फोंड्याहून | १२ एप्रिल

एक सोपी गोष्ट सांगते, आमच्या घरात तिने फार फरक पडला.

२०१६ मध्ये गोवा आणि रावळपिंडी अशा दोन ठिकाणी झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. गोव्यात तो 'संगत' या संस्थेने केला. मूळ पद्धत मँचेस्टरची. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या आईवडिलांसोबत काम करायच्या. आई मुलाशी खेळतानाचं चित्रीकरण करायचं आणि मग आईसोबत बसून ते बघायचं. मुलाने कुठे काही सांगायचा प्रयत्न केला आणि आईने तो कुठे उचलला, ते शोधायचं. मुलं स्वतःहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण त्यातून वाढलं.

आम्ही त्या अभ्यासात नव्हतो. पण मी नवऱ्याला सांगितलं, माझं आणि लेकीचं दहा मिनिटं चित्रीकरण कर. बघितलं आणि मला रडू आलं. दहा मिनिटांत मी ४१ प्रश्न विचारले होते. हा रंग कोणता? हे काय? किती आहेत? सांग ना? आणि ती दोनदा चेंडू माझ्याकडे ढकलून माझ्याकडे बघत होती, ते मी पाहिलंच नव्हतं. मी पुढचा प्रश्न विचारत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी गप्प बसायला शिकले. ती चेंडू ढकलेल, मी परत ढकलेन. ती "डुम" म्हणेल, मी "डुम" म्हणेन. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून माझ्या मांडीवर चेंडू घेऊन आली.

---

पाटी_पेन्सिल | १२ एप्रिल

ताई, तुमचं एसटीचं वाचल्यापासून डोक्यात एक गोष्ट घोळतेय.

तज्ज्ञ लोक चित्रांचं वेळापत्रक करायला सांगतात. दिवसभरात काय-काय होणार ते एका ओळीत लावायचं. अशा मुलांना "थोड्या वेळाने घरी जायचंय" यातला थोडा वेळ दिसत नाही, म्हणून तो डोळ्यांना दिसेल असा मांडायचा. आता तुमच्या मुलाच्या डोक्यात वेळापत्रक आधीच आहे, फक्त ते रस्त्याचं आहे. मग शाळेचा दिवस एसटीचा मार्ग करून टाका! कापडाची लांब पट्टी, त्यावर थांबे. परिपाठ, भाषा, छोटी सुट्टी, गणित, खिचडी, खेळ, गोष्ट, आणि शेवटचा थांबा घर. पुठ्ठ्याची लाल बस करायची आणि एक तास झाला की त्याने स्वतः ती पुढच्या थांब्यावर सरकवायची.

पाट्या वाचणारा मुलगा आहे, चित्रांऐवजी पाट्याच लिहा. अगदी गाडीवर असतात तशा.

गणितासाठी अजून एक. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या नावांत ही मुलं फार अडकतात, कारण २९ लिहिताना २ आणि ९ दिसतात आणि नाव पुढच्या दशकाचं येतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' ही रीत आली तेव्हा केवढा वाद झाला, पण मी या मुलांसाठी ती आनंदाने वापरतो. आधी 'वीस नऊ' कळू दे, एकोणतीस नंतर येईल.

---

उंब्रजची_आई | १२ एप्रिल

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत. दोनदा वाचलं, मग मोठ्याने सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. मग उठून जुनी नऊवारी काढली आणि म्हणाल्या, पट्टी याची कर, मऊ आहे, त्याला टोचणार नाही.

---

उंब्रजची_आई | २ जुलै

खूप दिवसांनी लिहितेय. जून कसा गेला ते सांगते.

मेमध्ये आम्ही दर मंगळवारी आणि शुक्रवारी रिकाम्या शाळेत गेलो. गुरुजींनी एकदा सुट्टीत येऊन वर्ग उघडून दिला. त्यांनीच भिंतीवर पट्टीसाठी खिळे मारले, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. प्रवेशोत्सवाला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर गेलो, एक तास थांबलो. दुसऱ्या आठवड्यात खिचडीपर्यंत. आता पूर्ण दिवस.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एके दिवशी पावसामुळे खेळाचा तास रद्द झाला, पण पट्टीवर 'खेळ' तसाच होता. बस तिथे नेली आणि खेळ नाही! अर्धा तास तो जमिनीवर पडून ओरडत होता. गुरुजींनी फोन केला, मी धावत गेले. बाकीच्या मुलांना त्यांनी पडवीत नेलं होतं आणि स्वतः त्याच्यापासून दोन हातांवर गप्प बसून होते. ओढलं नाही, रागावले नाहीत. त्याबद्दल त्यांचे आभार कसे मानू ते मला कळत नाही.

त्या रात्री बाबांनी नवीन पाटी केली, 'मार्ग बदल'. उंब्रजच्या रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा त्याने ती पाटी पाहिलेली आहे. आता काही बदलणार असेल तर गुरुजी सकाळीच ती त्या थांब्यावर लावतात. मागच्या आठवड्यात दोनदा लागली. पहिल्यांदा रडला. दुसऱ्यांदा त्याने पाटी वाचली, बस हातात धरून बराच वेळ उभा राहिला आणि मग पुढच्या थांब्यावर नेली.

खाजगी शाळेला लेखी उत्तर मागितलं होतं. त्यांनी "या, बोलू" म्हणून निरोप पाठवला. गेलो नाही. प्रमाणपत्राची तारीख १७ जुलै मिळालीय.

सदाशिव पेठेतल्या दादांना सांगायचंय. आमच्या शाळेत बटणाची घंटा आहे. छोट्या सुट्टीची तो दाबतो.

---

सदाशिव_पेठ_२४ | २ जुलै

वाचलं. खूप बरं वाटलं. संध्याकाळी परत वाचणार आहे.

---

तिसरी_ब_च्या_बाई | ५ जुलै

माझ्या वर्गात यंदा एक मुलगी आहे, अजिबात बोलत नाही, दिवसभर दप्तराची चेन उघड-बंद करते. तिला पाट्या वाचता येत नाहीत, पण रेल्वेच्या डब्यांची चित्रं फार आवडतात. तुमच्यासारखी पट्टी करायचीय. किती लांब केलीत? आणि बस कशी चिकटते?

---

उंब्रजची_आई | ५ जुलै

बाई, पट्टी दोन मीटर आहे, रुंदी एक वीत. आधी एक मीटरची केली होती, थांबे फार जवळ आले आणि तो एकाच वेळी दोन थांबे ओलांडायचा. दोन थांब्यांमध्ये त्याला एक पाऊल टाकावं लागेल एवढं अंतर ठेवा. बसच्या मागे वेल्क्रोचा खरखरीत भाग आणि पट्टीवर प्रत्येक थांब्याला मऊ भाग लावा. उलटं केलं होतं तर त्याची बोटं खरखरीत भागाला लागायची, मग तो हातच लावेना. शिलाईच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळतं. शेवटच्या थांब्याला मी घराच्या दाराचा फोटो लावलाय. तुमची मुलगी वाचत नसेल तर सगळ्याच थांब्यांना फोटो लावा, आणि ते तिच्याच वर्गातले काढा.